गोव्यात राहून मानसशास्त्रात पीएचडी : विषय निवडण्यापासून व्हायव्हापर्यंत

मानसशास्त्रात एमए करून म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या शाळेत समुपदेशक म्हणून काम करणारी मुलं पीएचडीची चौकशी करायला येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पदवी हातात पडल्यावर तुम्हाला रोज काय काम करायचंय? उत्तर 'पेशंट बघायचेत' असं आलं, तर पीएचडीचा फॉर्म तूर्तास बाजूला ठेवा, असं मी सांगते.

कारण साधं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली व्याख्याही देखरेखीखाली घेतलेल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ क्लिनिकल प्रशिक्षणावर उभी आहे. सामाजिक किंवा शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी केली तर नावापुढे 'डॉ.' लागेल, पण ही नोंदणी मिळणार नाही. आरसीआयचे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत. जुन्या एमफिलच्या जागी नवी रचना येते आहे. म्हणून क्लिनिकलकडे जायचं असेल तर त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

कॉलेजात शिकवायचं असेल तर हिशेब वेगळा. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट, स्लेट ही राज्यपातळीवरची परीक्षा उत्तीर्ण असणं ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. पण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच. चौगुले, धेंपे, कार्मेल, सेंट झेवियर्स अशा मानसशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांत ज्यांना आयुष्य काढायचंय, त्यांना ती आज ना उद्या करावीच लागेल. तिसरा गट संशोधनाचीच ओढ असलेल्यांचा. पुढचं सगळं मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी आहे.

प्रश्न आधी, फॉर्म नंतर

बहुतेक जण आधी एंट्रन्स देतात, मग गाईड शोधतात आणि शेवटी गाईड देईल तो विषय घेतात. हा क्रम उलटा करा. पीएचडी म्हणजे एका प्रश्नाबरोबर किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांचा संसार आहे. तो प्रश्न दुसऱ्या कोणी आणून दिलेला असेल तर तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे बघवत नाही.

प्रश्न आणि विषय यांत फरक असतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ जायला हवा. एक उदाहरण घेऊन सविस्तर सांगते.

समजा तुम्ही डिचोलीचे आहात आणि तुम्हाला 'खाणपट्ट्यातल्या लोकांचा मानसिक ताण' यावर काम करायचंय. विषय जिवाभावाचा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं किती होती हे तिथल्या माणसाला सांगायला नको. पण हा अजून प्रश्न झालेला नाही. ताण कोणाचा? ट्रकमालकाचा, ड्रायव्हरचा, गॅरेजवाल्याचा की त्यांच्या घरच्या बायकांचा? ताण म्हणजे झोप उडणं, नैराश्य, दारू की घरातली भांडणं? आणि मुळात ताण आहे हे तर सगळ्यांना माहीत आहे, मग तुम्ही नवीन काय सांगणार?

आता हेच असं मांडून बघा : कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांत कर्जाचा भार आणि नैराश्याची लक्षणं यांचा संबंध, घरात दुसरं नियमित उत्पन्न असेल तर कमी होतो का? यात मोजायच्या तीनच गोष्टी आहेत, माणसं कोणती ते ठरलेलं आहे, आणि उत्तर 'नाही' येण्याची शक्यताही आहे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे त्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे सह्या गोळा करणं.

प्रश्नाला एक प्रतिस्पर्धी खुलासाही हवा. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा रोज हजारो लोक बघतात. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला. संमोहनकर्त्याच्या अंगातल्या चुंबकीय शक्तीने माणूस संमोहनाच्या अवस्थेत जातो, असं तेव्हा मानलं जात असे. फारियांनी म्हटलं की कारण समोर बसलेल्याच्या स्वतःच्या मनात आहे, सूचनेत आहे. घटना तीच, कारणाचे दावे दोन, आणि त्यांतला कुठला खरा हे तपासता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही, म्हणजे संशोधनाच्या प्रस्तावातही, असे दोन दावे समोरासमोर उभे दिसले पाहिजेत. वरच्या उदाहरणात दुसरा दावा असा असू शकतो : नैराश्य कर्जामुळे नाही, कामच गेल्यामुळे आहे. मग ज्यांचं कर्ज फिटलंय पण काम गेलंय, अशी माणसंही नमुन्यात घ्यावी लागतात. प्रश्न नीट मांडला की आराखडा असा आपोआप आकार घेतो.

गोव्यात असे प्रश्न पावलोपावली आहेत. तारवटी नवरा वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर असलेल्या सासष्टी-बार्देशमधल्या घरांत मुलांचं वाढणं. मांडवीवरच्या कॅसिनोंत रात्रपाळी करणाऱ्यांची झोप. मुलं पोर्तुगाल-इंग्लंडला गेल्यावर मोठ्या घरात एकटी उरलेली माणसं. चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकून पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात पडलेली मुलं वाचलेलं कसं समजून घेतात, हा तर मला स्वतःला फार मोलाचा प्रश्न वाटतो, आणि त्यावर काम करायला मराठी शाळेत शिकलेल्या संशोधकाइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

वाचनाची सुरुवात घराजवळून करा. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेचं काम जगभर वाचलं जातं. तिथल्या 'मानस' चाचणीत सरकारी आणि खासगी मिळून २४ दवाखान्यांत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेवर उपचार करून पाहिले. तो निबंध २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर नैराश्यासाठी 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्राम' आणि दारूच्या प्रश्नासाठी 'काउन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स' या दोन छोट्या उपचारपद्धती गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासल्या गेल्या. ते निबंध २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहेत. त्यांचे निष्कर्ष सगळेच उद्धृत करतात. तुम्ही 'पद्धती'चा भाग वाचा : माणसं कशी निवडली, भाषेचं काय केलं, मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब कसा ठेवला. हेच तुम्हाला पुढे करायचंय.

गाईड

गोवा विद्यापीठ १९८५ पासून ताळगाव पठारावर आहे, आणि वर्तनविषयक अभ्यास तिथल्या डी. डी. कोसंबी प्रशालेच्या छत्राखाली येतो. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमध्ये मानव्य व सामाजिक शास्त्रांचा विभाग आहे. गोव्याबाहेर मुंबई विद्यापीठ, टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळुरूची निम्हान्स हे नेहमीचे पर्याय. पण संस्थेचं नाव दुय्यम आहे. त्या वर्षी, तुमच्या प्रश्नाच्या जवळपास काम करणारा आणि जागा रिकामी असलेला मार्गदर्शक तिथे आहे का, हे आधी बघा.

जागांचा नियम ठाऊक असू द्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रोफेसर एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार विद्यार्थी घेऊ शकतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. गोव्यात मानसशास्त्राचे मार्गदर्शक मोजकेच, त्यामुळे जागा भरलेल्या असणं हे नेहमीचंच. अशा वेळी शेजारच्या विषयातला मार्गदर्शक आणि मानसशास्त्रातला सहमार्गदर्शक अशी जोडी जमते का ते विचारावं. नियम आंतरविद्याशाखीय कामाला वाव देतात.

मार्गदर्शकाला पहिली ईमेल पाठवताना दोन परिच्छेद पुरेत : तुमचा प्रश्न, आणि त्यांच्या कुठल्या कामामुळे तुम्ही त्यांच्याकडे आलात. सोबत एका पानाचं टिपण. 'आदरणीय सर, मला तुमच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करायची इच्छा आहे' एवढ्याच मजकुराच्या ईमेली त्यांना रोज येतात आणि त्यांना उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं.

भेटायला बोलावलं तर तुम्हीही विचारा. विद्यार्थ्यांचं लिखाण किती दिवसांत वाचून परत मिळतं? लेखावर नावं कोणत्या क्रमाने येतात? मग त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना, शक्यतो विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, निवांत भेटा. चौथ्या-पाचव्या वर्षातला विद्यार्थी काय सांगतो, आणि काय सांगायचं टाळतो, दोन्ही ऐका. गोवा लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून ही चौकशी सौम्यपणे करावी, पण टाळू नये. नावाजलेला पण न भेटणारा गाईड आणि फारसा प्रसिद्ध नसलेला पण महिन्याला दोनदा समोर बसवून लिखाण तपासणारा गाईड यांत मी डोळे झाकून दुसरा निवडेन.

प्रवेश, नेट आणि पैसे

दोन वर्षांच्या एमएला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यालाही आता थेट अर्ज करता येतो. तरीही, ज्याने एमएचा एक साधा प्रकल्पसुद्धा शेवटपर्यंत नेलेला नाही, त्याने थेट उडी घेऊ नये असं माझं मत आहे.

जून २०२४ पासून यूजीसी नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरले जातात. उत्तीर्ण होणाऱ्यांचे तीन गट पडतात : जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह) पात्र, सहायक प्राध्यापकपदासह पीएचडीला पात्र, आणि फक्त पीएचडीला पात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो, आणि प्रवेशापुरते ते गुण एकच वर्ष चालतात. नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, सगळ्यांना समान. दुसरा मानसशास्त्राचा, १०० प्रश्नांचा. दोन्ही मिळून तीन तास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एमएच्या नोट्सवर दुसरा पेपर निघत नाही. संख्याशास्त्र, मानसमापन आणि जैविक आधार हे तीन भाग आपल्याकडे हमखास कच्चे राहतात.

विद्यापीठ स्वतःची एंट्रन्स घेत असेल, तर नियमांप्रमाणे त्यातला अर्धा भाग संशोधन पद्धतीवर आणि अर्धा विषयावर असतो.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे सिनियर झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ती न मिळाल्यास आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे. सामाजिक शास्त्रांच्या मुलांपैकी फार थोडी तिथे अर्ज करतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, पण कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात अभ्यासासाठी वेळ देण्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडी वैध नाही. 'सहा महिन्यांत घरबसल्या डॉक्टरेट' असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला तर तो सरळ फसवणुकीचा समजा.

आणखी एक. लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण यांमुळे अर्धवट सुटलेल्या पीएचड्यांमध्ये बायकांच्या जास्त, हे आपण आजूबाजूला बघतो. बाळंतपण आणि संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा नियमातच आहे, आणि स्त्रियांना व दिव्यांगांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत मिळते. हे तुमच्या हक्काचं आहे. गाईडला किंवा ऑफिसला विनवण्या करायची गरज नाही, नियमाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा.

कोर्सवर्क

प्रवेशानंतरचा हा सक्तीचा अभ्यासक्रम : किमान १२ क्रेडिट्स, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. याच काळात झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरायला शिका, आणि जामोवी किंवा जॅस्प यांपैकी एक संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर हाताखाली घाला. तिन्ही फुकट आहेत. पायरेटेड एसपीएसएसच्या मागे लागू नका. कोर्सवर्कमध्ये लिहावे लागणारे निबंध आपल्याच प्रश्नाभोवती लिहिलेत तर साहित्य-आढाव्याचा बराच भाग तिथेच तयार होतो.

मापनी आणि भाषा

गोव्यातला मानसशास्त्राचा प्रबंध बरेचदा या टप्प्यावर कमकुवत होतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

एकच माणूस घरात कोकणी बोलतो, सकाळी मराठी पेपर वाचतो, बँकेत इंग्रजी फॉर्मवर सही करतो. सासष्टीतली त्याच्या वयाची बाई कोकणी रोमी लिपीत वाचते आणि देवनागरी तिला जड जाते. वास्कोला बायणा भागातला कामगार कन्नड किंवा हिंदी बोलतो. अशा ठिकाणी 'प्रश्नावली मराठीत भाषांतरित करून घेतली' हे एक वाक्य परीक्षकाला पुरत नाही.

रीत अशी. मूळ मापनी कोणाच्या मालकीची आहे ते बघा. पीएचक्यू-९ (नैराश्य), गॅड-७ (चिंता), डास-२१ (नैराश्य, चिंता, ताण) मोफत वापरता येतात. बेकची नैराश्य मापनी विकत घ्यावी लागते. कॉलेजच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेतल्या कपाटात आग्र्याच्या नॅशनल सायकॉलॉजिकल कॉर्पोरेशनच्या चाचण्यांच्या जुन्या झेरॉक्सी पडलेल्या असतात. त्या परवानगीशिवाय प्रबंधात वापरू नका. तुमच्या भाषेतली अधिकृत आवृत्ती आधीच आहे का ते शोधा, असेल तर तीच घ्या. नसेल तर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, दोन्हींचा मेळ, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्यासाठी मापनी आहे अशा आठ-दहा माणसांसमोर बसून प्रत्येक प्रश्न वाचणं आणि 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारणं. वाळपईची साठीची बाई ऐकताना कुठे थबकते, कुठे हसते, कुठे शेजारणीकडे बघते हे टिपून ठेवा. पुण्याच्या पुस्तकी मराठीतला एखादा शब्द तिला परका वाटला, तर तो बदलायचा आणि बदल कशासाठी केला त्याची नोंद करायची.

प्रश्नावली हातात देण्यापेक्षा वाचून दाखवणं गोव्यात जास्त चालतं. लिपीचा अडसर राहत नाही. मात्र सगळ्यांना वाचून दाखवा. काहींना वाचून आणि काहींना हातात, असं केलंत तर फरक कशामुळे आला ते नंतर सांगता येत नाही.

एथिक्स कमिटी, आणि सगळे ओळखीचे असलेला प्रदेश

माणसांवरचं कुठलंही संशोधन सुरू करण्याआधी नीतिसमितीची लेखी मंजुरी लागते. आधार आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियरमध्ये, किंवा गोवा मेडिकल कॉलेजात माणसं भेटणार असाल तर तिथली परवानगी वेगळी. शाळेत जाणार असाल तर मुख्याध्यापकांची आणि शिक्षण खात्याची परवानगी, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, सगळं लागतं. मुख्याध्यापकांनी 'हो' म्हटलं म्हणजे आठवीच्या वर्गाने 'हो' म्हटलं असं होत नाही. उपचार करून परिणाम मोजणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा.

हे झालं कागदाचं. खरी अडचण गुप्ततेची. पुण्या-मुंबईत नाव काढलं की माणूस गर्दीत मिसळतो. गोव्यात तसं होत नाही. तुम्ही मुलाखतीच्या प्रकरणात असं लिहिलंत : 'सांगे तालुक्यातील एका गावातील ५२ वर्षीय ट्रकमालक, माजी पंच, दोन ट्रक बँकेने ओढून नेले, मुलगा दुबईत.' नाव कुठेच नाही, पण त्या गावातलं शेंबडं पोरदेखील बोट दाखवील. प्रबंध पुढे इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला होणार आहे. म्हणून असं लिहा : 'खाणपट्ट्यातील, पन्नाशीतील, वाहतूक व्यवसायातील एक पुरुष.' विश्लेषणाला ज्या तपशिलाची गरज नाही तो काढा. पंच असणं तुमच्या प्रश्नाशी संबंधित नसेल तर ते गेलंच पाहिजे. आणि संबंधित असेल तर गाव, वय, मुलगा यांतलं काहीतरी धूसर करा. मुलाखतीच्या ध्वनिफिती, नावांची यादी आणि संकेतांक तीन वेगळ्या ठिकाणी, पासवर्डखाली ठेवा. संमतीपत्रात 'तुमचं नाव येणार नाही' एवढंच न लिहिता, 'ओळखीच्या माणसाला अंदाज येऊ शकतो, तो येऊ नये म्हणून आम्ही काय करू' हेही लिहा. माणसं प्रामाणिकपणे सांगितलेलं समजून घेतात.

मुलाखत कुठे घ्यायची याचाही विचार हवा. वाड्यावर कोणाच्या घरी गेलात की चहा येतो, सासू येऊन बसते, शेजारी डोकावतो. आतिथ्य मनापासूनचं असतं, पण त्या बैठकीत सून नवऱ्याच्या दारूबद्दल बोलणार नाही. आरोग्य केंद्रातली दुपारची रिकामी खोली, शाळा सुटल्यावरचा वर्ग, असं काही आधीच ठरवून ठेवा. आणि नात्यातल्या, तुमच्या वर्गातल्या किंवा तुम्ही समुपदेशन करता त्या माणसांना नमुन्यात घेऊ नका. त्यांना 'नाही' म्हणणं जड जातं.

पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यावर कोणी 'हो' म्हटलं तर तुम्ही त्या क्षणी काय कराल, हे पहिल्या मुलाखतीआधी लिहून, गाईडला दाखवून, मंजूर करून घ्या : सोबत कोण थांबेल, बांबोळीला कोणाशी बोलायचं, घरच्यांना कधी सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर छापलेली चिठ्ठी प्रत्येक सहभागीला द्या, फक्त 'हो' म्हणणाऱ्याला नव्हे, म्हणजे चिठ्ठी हातात दिसली म्हणून कोणी ओळखलं जाणार नाही.

फील्डवर्कचं पंचांग

पुस्तकात हे सापडत नाही. पर्यटनाशी जोडलेली माणसं, म्हणजे टॅक्सीवाले, शॅकवाले, हॉटेलातले कामगार, ऑक्टोबर ते मार्च तुमच्याशी बोलणार नाहीत. त्यांना पावसात गाठा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. तेव्हा गोव्याचे मच्छीमार किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना भेटतात, पण ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी गावी गेलेले असतात. सत्तरीत काजूच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, घरात दिवसा कोणी नसतं. चवथ, शिगमो, नाताळ, गावचं फेस्त आणि जत्रा यांच्या आसपासचे आठवडे सोडूनच द्या. नैराश्य मोजत असाल तर त्या दिवसांतले आकडे वेगळे येण्याचीही शक्यता आहे, म्हणून प्रत्येक मुलाखतीची तारीख नोंदवा.

किती माणसं, आणि मग आकडे

'तीनशे घेतले, कारण सगळे तीनशे घेतात' हे उत्तर व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, टिकत नाही. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. दोन स्वतंत्र गटांत मध्यम फरक शोधायचा असेल, सार्थकता पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) ०.०५ आणि पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ०.८० धरली, तर प्रत्येक गटात ६४, एकूण १२८ माणसं लागतात. वरच्या ट्रकवाल्या प्रश्नासारखी आंतरक्रिया, म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध तिसरीमुळे बदलणं, शोधायची असेल तर कितीतरी जास्त लागतील, कारण असे परिणाम सहसा लहान असतात. हा हिशेब सिनॉप्सिसमध्येच मांडा. गृहीतकं आणि विश्लेषणाची योजना आकडे हातात येण्याआधी ओएसएफ या संशोधकांच्या खुल्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवलीत तर पुढे कोणी 'हे नंतर सुचलं का?' असं विचारू शकत नाही. गुणात्मक काम करणाऱ्यांनी निदान प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच रात्री टिपण लिहावं. आठवड्याने लिहिलेल्या टिपणात आवाज उरत नाही.

दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. बरेच जण ती उरकतात. मी म्हणेन, अडलेलं तिथेच मांडा. समितीने सुचवलेला बदल इतिवृत्तात लिहून घ्या. तीन वर्षांनी समितीतलं कोणी बदलून नवे सदस्य आले तर तेच कागद तुमच्या बाजूने बोलतात.

लेखन आणि सादरीकरण

पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, फील्डवर्क चालू असतानाच. मग निष्कर्ष, मग चर्चा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. घरी बसवेना तर पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. वाचायला शांत जागा मिळते आणि गोव्याच्या समाजावरची जुनी मराठी पुस्तकंही.

२०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध देण्याआधी लेख छापून येण्याची सक्ती उरलेली नाही, विद्यापीठाची वेगळी अट असेल तर ती बघा. तरी एक लेख जरूर छापा, पण 'सात दिवसांत प्रकाशन, फी अमुक' म्हणणाऱ्या जर्नलांत नको. तिथे छापलेला लेख पुढे मुलाखतीत तुमच्याच विरुद्ध जातो.

उचलेगिरीबद्दल २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० ला एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. सॉफ्टवेअर चुकवण्यासाठी शब्द उलटेपालटे करण्यात वेळ घालवू नका. वाचलेलं पुस्तक मिटून ठेवून आपल्या शब्दांत लिहिलं तर हा प्रश्न येतच नाही.

सादर करण्याआधी सल्लागार समितीपुढे खुलं प्रीसबमिशन, म्हणजे तयार कामाचं सादरीकरण, होतं. मग प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात. सादर केल्यापासून व्हायव्हापर्यंत सगळं सहा महिन्यांत व्हावं असं नियम सांगतो. रेंगाळलं तर परीक्षा विभागाकडे लेखी चौकशी करत राहा.

व्हायवा खुला असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, तिच्यावर उपाय म्हणजे मित्रांसमोर तोच प्रबंध आधी मराठीत समजावून सांगणं. मराठीत जिथे अडखळता, तिथे इंग्रजीतही अडखळणार आहात, आणि तो दोष भाषेचा नसतो. चार प्रश्न हमखास येतात : हीच मापनी का, हीच माणसं का, उलट निष्कर्ष आला असता तर काय म्हटलं असतं, आणि पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल. शेवटच्याला 'काहीच नाही' म्हणू नका.

पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, जाते. ती देण्यापूर्वी परिशिष्टं एकदा डोळ्यांखालून घाला. संमतीपत्रांच्या स्कॅनमध्ये सहभागींच्या सह्या, फोन नंबर राहून जातात. तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, अर्जांना तेच लागतं. आणि ज्या पंचायतीत, शाळेत किंवा आरोग्य केंद्रात तुम्ही माणसं भेटलात, तिथे निष्कर्षांचं दोन पानांचं साधं टिपण मराठीत किंवा कोकणीत नेऊन द्या. सरपंचांना आधी फोन करून ग्रामसभेच्या दिवशी गेलात तर बोलायलाही वेळ मिळतो.